जोंधळ्यात पुरलेली भांडी

गुरुवारी दुपारी दळण काढायला कोठीत हात घातला, तो कोपरापर्यंत सगळं सरळ होतं. पौषातला जोंधळा तळाशी असा गार असतो की हात विहिरीत सोडल्यासारखा वाटतो, आणि जवळपास कोणी नसलं की मी तो जरा वेळ तसाच ठेवतो. पलटणीत बावीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला एवढी चैन चालावी. माझी बायको अंजना शाळेत शिकवायला गेली होती. आई मागच्या पायरीवर पावटे सोलत बसली होती. आणि मग माझी बोटं कशाला तरी अडली. कोठीचा पत्रा नव्हे. पत्र्याला धार असते, याला काठ होता. गोल, जाड, बाहेर वळलेला. काठाला कडी. कडीखाली पोट, आणि पोटावर खरखर. भांड्यावर नाव घालणारा ठिपक्याला ठिपका ठोकत अक्षर काढतो. ते डोळ्यांनी वाचायला उजेड लागतो, बोटांनी वाचायला लागत नाही. म. नु. बा. ई. मी हात बाहेर काढला नाही. काढला तर हातात डबा येईल आणि मग तो कुठंतरी ठेवावा लागेल, एवढंच त्या क्षणी डोक्यात आलं.

नोंद पाचवी. घर क्रमांक अकरा. कडीचा पितळी डबा, झाकणासह, नाव घातलेला. संशय: शमशेर कल्हईवाला. अक्षर माझंच. ते वळणदार आहे, हे मी सांगायची गरज नाही. आमच्या सोसायटीत ज्याला त्याला ते माहीत होतं आणि म्हणूनच वही माझ्याकडे आली होती. सांगलीत विश्रामबागेच्या पलीकडे अठ्ठावीस प्लॉट पाडले होते, त्यांत एकोणीस घरं उभी राहिली होती, आणि एकोणीस घरांत एकोणीस गावची माणसं. कोणी तासगावकडचा, कोणी कवठ्याकडचा, मी उंब्रजचा. गावाकडं चोरी झाली की ती कोणी केली हे संध्याकाळपर्यंत पारावर ठरलेलं असतं. इथं पार नव्हता, म्हणून वही काढली. अध्यक्ष दादासो हळदीच्या दलालीतून घर बांधलेले. माणूस कामाचा, पण कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय त्यांना खरी वाटत नसे. दिवाळीनंतरच्या बैठकीत ते म्हणाले की चोऱ्या वाढल्या आहेत, तर सेक्रेटरींनी त्या लिहून काढाव्यात. मी रकाने आखले: तारीख, घर, वस्तू, कोणी पाहिलं, संशय. सत्तर दिवसांत चौदा नोंदी झाल्या. दादासोंनी हिशेब करून सांगितलं की दर पाच दिवसांना एक. हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की पोलीस चौकी मागण्याच्या अर्जात त्यांनी ते पहिल्याच ओळीत घातलं. अर्जावर रविवारी सगळ्यांच्या सह्या व्हायच्या होत्या आणि सोमवारी तो कचेरीत जायचा होता, सोबत वहीची नक्कल आणि वसाहतीत ये-जा करणाऱ्या संशयितांची यादी. यादीत तीन नावं. पहिलं शमशेरचं. ते आणीबाणीतलं शहात्तर साल होतं आणि त्या वर्षी यादीत नाव जाणं ही काय गोष्ट आहे, हे यादी करणाऱ्यांनाही ठाऊक होतं. मलाही होतं. मी नक्कल करताना त्या नावाचा ‘श’ विशेष चांगला काढला होता.

डबा काढला. त्याच्या खाली तपेली होती, तपेलीच्या पोटात वाडगं, कडेला झाकणाचा आणखी एक डबा, आणि सगळ्यांत तळाशी एक सट, तोंडाला फडकं बांधलेली. पाच. पाचही चकचकीत, जोंधळ्यानं घासल्यासारखी. मी ती जमिनीवर ओळीनं मांडली आणि सवयीनं वहीतले आकडे लावले: पाचवी, सहावी, आठवी, नववी, अकरावी. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. कारकुनाला ताळा जमल्याचा जो आनंद होतो तो एक क्षणभर मला खरंच झाला, हे लपवत नाही.

आईला बोलावलं नाही. मीच मागच्या दारी गेलो, तिच्याशेजारी पायरीवर बसलो, चार पावटे सोलले आणि कोठीतल्या भांड्यांचं विचारलं. तिनं मान वर केली नाही.

“उकरलीस व्हय? नीट पुरून ठेव परत. लोकांची अमानत हाय.”

“कुणी दिली?”

“दिली कशाला? फराळ घिऊन आली हुती दिवाळीत. ती निळ्या दाराची, ती पोपटवाली, त्या कोपऱ्यावरची लेक. तुमी कोन घरात हुता? मी हुते.”

मी म्हणालो की परत का नाही केली. तेव्हा तिनं हातातली शेंग खाली ठेवली आणि माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी सातवीत नापास होऊन आलोय.

“मोकळं भांडं परत करू व्हय रं, नाथा? आजून गुऱ्हाळ कुठं लागलंय आपलं?”

आता हे नीट सांगायला हवं, कारण सोसायटीतल्या निम्म्या लोकांना ते सांगूनही पटलं नाही. आमच्याकडं घरात आलेलं भांडं मोकळं परत जात नाही. त्यात काहीतरी घालून द्यायचं, मग ते मूठभर शेंगा का असेनात. हे सगळेच करतात. पण आईचं त्यावर आणखी एक कलम होतं: जे घालायचं ते आपल्या रानातलं हवं. दिवाळीत अंजनानं साखर घालून भांडी द्यायचं सुचवलं, तर आईनं रेशनच्या साखरेचं असं काही वर्णन केलं की अंजना पुन्हा त्या वाटेला गेली नाही. आमच्या घरात तसा तहच होता. पुढचं दार अंजनाचं, मागचं दार आईचं; येणारी-जाणारी भांडी मागच्या दारातून यायची, म्हणून ती आईच्या अखत्यारीत. तर उंब्रजला आमचा ऊस तुटेल, गुऱ्हाळ लागेल, काकवी येईल, ती भांड्यांत भरून घरोघर जाईल, हा तिचा बेत. तोवर भांडी आपल्याकडं. आणि ती जोंधळ्यात का? मी विचारलं. कारण दिवाळीत मी स्वतः ती फळीवर पाहिल्याचं आता मला अंधुक आठवत होतं.

“तूच रोज सांजच्याला म्हनतोस की, आज दहावी झाली, आज अकरावी झाली. चोर लय झाल्यात म्हनून. आपलं ग्येलं तर ग्येलं. लोकांचं जाया नगं.”

ती पुन्हा शेंगा सोलू लागली. मी तिथंच बसून राहिलो. माझ्या डोळ्यांसमोर माझा आवाज आला. आवाज डोळ्यांसमोर येत नाही हे मला कळतं, पण तो आला. संध्याकाळी चहाचा कप घेऊन, खुर्चीत, अंजनाला ऐकू जाईल अशा बेतानं: आज अकरावी. त्यात काळजी किती होती आणि चव किती होती? सैन्यातून निवृत्त झाल्यावर सहा वर्षं मला कोणी काही विचारलं नव्हतं. वही आल्यापासून बायका फाटकाशी थांबून माझ्याशी बोलायला लागल्या होत्या. मी एकेक आकडा घरी आणत होतो, आणि आतल्या खोलीत एक बाई तो ऐकून दुसऱ्यांची भांडी धान्यात खोल खोल सरकवत होती. नाव मी कधी वाचलं नाही, वाचलं असतं तरी तिला कळलं नसतं. तिला मनुबाई ठाऊक नव्हत्या, पोपटवाली ठाऊक होती.

आणि त्या बायकांनी तरी येऊन का विचारलं नाही? याचं उत्तर मला शोधावं लागलं नाही, मी माणसं बघत आलो आहे. गावाकडं शेजारीण सरळ चुलीपर्यंत येते आणि आपलं भांडं ओळखून उचलून नेते. इथं सगळ्यांना मोझाइकची फरशी. “माझा डबा तुमच्याकडं राहिलाय का” हे विचारण्यात कमीपणा होता. डबा चोरीला गेला म्हणण्यात एक प्रतिष्ठा होती, आपल्याकडं चोरण्यासारखं काही आहे अशी. दिवाळीचा फराळ कधी स्वतःच्या, कधी मुलांच्या हातून दहा घरांत जातो, कुठलं भांडं कुठं गेलं हे कोणाच्या लक्षात राहतं? मार्गशीर्षात शमशेर आला, प्लॉट नंबर बावीसच्या लिंबाखाली त्यानं भाता मांडला, आणि संक्रांतीच्या आधी कल्हई करून घ्यावी म्हणून घरोघरच्या बायकांनी माळ्यावरची भांडी काढली. कल्हई झाली, भांडी घरी आली, मोजली, आणि कमी भरली. मोजली ती नंतर. आधी कोणी मोजली होती? मीसुद्धा विचारलं नाही. मनुबाई तणतणत आल्या, म्हणाल्या की सात दिली होती आणि सहा आली, लिहा सेक्रेटरी, आणि मी लिहिलं. शमशेर तेव्हा फाटकाबाहेर उभा होता. त्याला बोलावून दादासोंनी विचारलं. तो म्हणाला, भिंतीवर बघा साहेब, समदं लिवलंय. कोणी हसलं. मग मी ‘फेरीवाल्यांस मनाई’ अशी पाटी रंगवली आणि ती फाटकाला लागली.

उन्हं कलायच्या आत मी त्या भिंतीपाशी गेलो. बावीस नंबरच्या मालकानं नुसती कुंपणाची भिंत घालून ठेवली आहे, आत लिंब आणि खडी. शमशेर बसायचा तिथं जमीन अजून काळी होती आणि दगड हलवला की नवसागराचा तो नाकात चढणारा वास येत होता, महिना उलटून गेला तरी. भिंतीवर कोळशानं ओढलेल्या रेघा. शमशेरला अक्षर येत नाही. त्यानं घरांना खुणा दिल्या होत्या. एका ओळीच्या आधी स्कूटर, म्हणजे दादासो. एका ओळीच्या आधी पिंजरा, म्हणजे मनुबाई. एका ओळीच्या आधी दोन बाजूंना वर वळलेली मिशी होती, ती कोणाची हे मला विचारायला लागलं नाही. बरी काढली होती. प्रत्येक खुणेपुढं भांड्यागणिक एक उभी रेघ, आणि भांडं परत गेलं की तिच्यावर आडवी. पिंजऱ्यापुढं सहा उभ्या, सहा आडव्या. सात नव्हत्याच. मी सगळ्या ओळी मोजल्या. एकशे अकरा उभ्या, एकशे अकरा आडव्या. हा ताळेबंद मी मार्गशीर्षातही पाहिला होता, येता-जाता, रोज. माझ्या वहीपेक्षा तो नेटका होता. फक्त तो कागदावर नव्हता आणि खाली सही नव्हती, म्हणून मी तो वाचला नव्हता. सूर्य लिंबाआड गेला आणि भिंत एकदम राखाडी झाली, रेघा त्यात बुडाल्या. मी तिथंच ठरवलं. रविवारी वही उघडायची आणि पाचही नोंदींपुढं जे झालं ते लिहायचं, आणि मोठ्यानं वाचायचं. ठरवल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही वाटलं नाही. गुडघे दुखत होते एवढंच कळलं.

घरी येऊन आईला म्हणालो, भांडी रविवारी परत द्यायची. ती म्हणाली, भरून दे. मी म्हणालो, बाजारात काकवी मिळते. तिनं उठून मोकळा कॅन धुतला आणि दाराशी उपडा घातला, म्हणजे वाद संपला. म्हणून शुक्रवारी सकाळी रिकामा कॅन घेऊन मी उंब्रजची एसटी धरली. खिडकीशी बसून वाटभर मी ते वाक्य जुळवत होतो. ‘सदर वस्तू नोंद घेणाऱ्याच्या घरी आढळून आली.’ बरोबर होतं, पण पलटणीतल्या चौकशीचं होतं; त्यात आईचा पत्ता नव्हता. ‘सदर वस्तू माझ्या मातोश्रींनी’ इथं गाडी कराडला थांबली आणि वाक्यही थांबलं. त्या शब्दांच्या पुढं काहीही घातलं तरी ते चोरीच्या वहीतच बसणार होतं. पासष्ट वर्षं जिनं कोणाच्या बांधावरची काडी उचलली नाही, तिचं नाव मी तारीख, घर, वस्तू यांच्या रांगेत लिहिणार होतो. आणि नाही लिहिलं, तर तिथं एक नाव आधीच लिहिलेलं होतं. रकाना मोकळा राहत नाही, ही वहीची खोड आहे. शमशेरलाही आई असेल, हे मला त्या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं.

रानात गुऱ्हाळ कालच लागलं होतं. माझा धाकटा भाऊ लालासाहेब काहिलीपाशी उघडा उभा होता, अंगावर वाफ, मिशीला मळी. त्यानं मला पाहिलं आणि म्हणाला की सांगलीचे साहेब काकवीसाठी आले म्हणजे सांगलीत साखर संपली. मी त्याला सगळं सांगितलं. तो हसला, खूप हसला, मग माझं तोंड बघून थांबला. म्हणाला की एवढ्यासाठी वही कशाला, भांडी रातोरात ज्याच्या त्याच्या दारात ठेवून दे, मिटलं. मी विचारलं, आणि यादीतलं नाव? त्यानं काकवी ओतता ओतता खांदे उडवले. त्याला शमशेर कोण हे माहीत नव्हतं. कॅन भरला, वर फडकं बांधलं, आणि निरोप देताना तो हळूच म्हणाला, “आईचं नाव वाचू नगंस, दादा. आमची चूक म्हन.” मी मान हलवली. ती होकाराची होती की नाही हे त्यानं विचारलं नाही. परतीच्या गाडीत कॅन दोन पायांच्या मध्ये धरून बसलो होतो, त्याची ऊब पोटऱ्यांना लागत होती, आणि शेजारची बाई विचारत होती की कुठलं गुऱ्हाळ.

शनिवारी संध्याकाळी दादासो आले. अंजनाला मी आदल्या दिवशीच सांगितलं होतं; तिनं वह्या तपासता तपासता ऐकलं आणि एवढंच म्हणाली की अर्जाची नक्कल तिनंच शाळेच्या यंत्रावर काढून आणली होती, म्हणजे त्यात तिचाही हात आहे. दादासोंना कोणी सांगितलं ते कळलं नाही. ते खुर्चीत बसले, चहा घेतला, ऊसदराचं बोलले आणि मग खरं बोलले. त्यांचं म्हणणं तसं साधं होतं. चौदातनं पाच गेले की नऊ राहतात. नऊ चोऱ्यांवर चौकी मिळत नाही. चौकी नाही तर दिवे नाहीत, दिवे नाहीत तर मोकळे नऊ प्लॉट विकायचे नाहीत, आणि नळाच्या तोट्या, सिमेंटचं पोतं, सायकलचा डायनॅमो या चोऱ्या काही खोट्या नव्हत्या. त्या कोणी ना कोणी केल्याच होत्या. हे खरं होतं. मी ते मान्य केलं. त्यावर त्यांचा चेहरा खुलला आणि त्यांनी खुर्ची पुढं ओढली.

“भांडी उद्या लिंबाखाली सापडू द्या, नाथाजीराव. भिऊन टाकून गेला म्हणू. तुमच्या आईसाहेबांचं नाव नाही, तुमचं नाही. भांडी लोकांना मिळाली, नोंदी राहिल्या. कोणाचं नुकसान आहे यात?”

माणूस वाईट नव्हता. त्यानं खरोखर माझ्यासाठी वाट काढली होती, आणि ती इतकी सोपी होती की मला दोन क्षण तिच्यात चालत गेल्यासारखं झालं: पहाटेची वेळ, पिशवी, लिंब, खडीवर पाच भांडी, मग सगळ्यांबरोबर माझंही आश्चर्य. मी आश्चर्य चांगलं करतो. आत आई कॅनवरचं फडकं सोडत होती, काकवीचा वास पुढच्या खोलीत आला. मी दादासोंना म्हणालो, “नुकसान एकाचं आहे. तो आपल्या सोसायटीचा सभासद नाही, एवढंच.” ते उठले. दारात थांबून म्हणाले की सेक्रेटरीपद दर साली नव्यानं ठरतं, हे लक्षात असू द्या. मी म्हणालो, वही तयार ठेवतो.

रविवारी दहा वाजता दादासोंच्या अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. मी उभा राहिलो आणि वाचलं. भाषण केलं नाही; नोंदी वाचल्या, एक ते चौदा, आणि त्या पाचांपाशी आलो की प्रत्येक वेळी तेच वाक्य: ‘ही वस्तू चोरीस गेलेली नाही. दिवाळीत फराळ घेऊन घर क्रमांक सातमध्ये आली. माझी आई बनुबाई यांनी ती भरून परत करण्यासाठी ठेवली. शमशेर यांच्यावरील संशय चुकीचा असून तो मी लिहिला.’ तिसऱ्यांदा कोणीतरी हसू दाबलं. पाचव्यांदा कोणी हललं नाही. लालासाहेबाचं ‘आमची चूक म्हन’ मला आठवलं होतं, पण ‘आमची’ असं वहीत लिहिता येत नाही. आणि मी शेवटच्या नोंदीपाशी असतानाच आई फाटकातून आत आली. तिला मी यायला सांगितलं नव्हतं. डोक्यावर पाटी, पाटीत पाच भांडी, काठोकाठ. ती खुर्च्यांच्या मधून चालत गेली, माणसं ओळखत, भांडी देत; नावं वाचायचा प्रश्नच नव्हता. मनुबाईंपुढं थांबून म्हणाली, “उशीर झाला, बाय. ऊस उशिरा तुटला औंदा.”

मनुबाईंनी डबा घेतला. झाकण उघडून आत पाहिलं, परत लावलं. त्यांचा चेहरा मला वाचता येईना, आणि चेहरे वाचण्यात माझा हात धरणारा सोसायटीत कोणी नाही. दादासो म्हणत होते की दुरुस्तीची घाई नको, अर्ज आहे तसा जाऊ द्यावा, पुढच्या बैठकीत बघू. तेव्हा मनुबाई डबा मांडीवर धरूनच म्हणाल्या, “माझा डबा माझ्या मांडीवर हाय, दादासो. त्यो ग्येला म्हणून मी सही कशी करू?” मग दुसरी एक बाई काहीतरी पुटपुटली. मतदान वगैरे झालं नाही. बायका उठून घरी गेल्या आणि पुरुषांना सही करायला पेन सापडेना. सोमवारी अर्ज गेला तो नऊ नोंदींचा, यादीवाचून. चौकी आली नाही. वही मार्चमध्ये माझ्याकडून गेली, आता ती एका बँकेतल्या गृहस्थांकडं आहे, त्यांचं अक्षर बारीक आहे. आणि त्या होळीला आमच्याकडं पोळ्या आल्या त्या वर्तमानपत्रात गुंडाळून. नऊ घरांतून आल्या, सगळ्या कागदात, तूप छापील अक्षरांतून झिरपलेलं. आईनं कागद उलगडून सरळ केले, घड्या घातल्या आणि कागदात काय भरून द्यायचं असं मला विचारलं.

पण त्या रविवारी हे काही माहीत नव्हतं. बैठकीनंतर आईनं आमचा स्वतःचा डबा काकवीनं भरून माझ्यापुढं ठेवला. म्हणाली, “त्या कल्हईवाल्याला.” त्याचं भांडं आपल्याकडं कुठं आलं होतं, असं मी म्हणालो. तिनं ऐकलं नाही. मी वही पिशवीत घातली आणि सायकल काढली.

शमशेर सांगलीत, हळदीच्या पेठेमागच्या बोळात राहतो. बोळात पिवळी धूळ उंबऱ्यापर्यंत साचलेली, माझ्या बुटांना, सायकलच्या चाकाला, सगळ्याला लागलेली. तो दाराबाहेर भात्यापाशी बसला होता. मला पाहून उठला नाही. अख्तरबी, त्याची बायको, दारात आली, मिशीकडं एकदा बघून तिनं पदर सावरला आणि आत गेली. तिनं मला खुणेवरून ओळखलं असावं. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं, डबा ठेवला, माफी मागितली. माफीचं वाक्य मी वाटेत जुळवलं होतं आणि ते चांगलं होतं. त्यानं निखारा हलवला. म्हणाला, “वही आनली काय?” मी उघडून दाखवली. त्याला वाचता येत नव्हतं, पण रेघ ओळखता येत होती. आपलं नाव कुठलं हे त्यानं विचारून घेतलं आणि त्याच्यावरून काळं बोट फिरवलं.

“ह्याच्यावर येकच रेघ हाय, साहेब. खाली नाव तसंच दिसतंय.”

मी त्याला समजावलं की वहीत पुसायचं नसतं. चुकलं तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही करायची. पलटणीचा नियम, प्रामाणिकपणाचा. मला या नियमाचा अभिमान होता, तो आवाजात आला असणार. शमशेर ऐकत होता. मग त्यानं आईच्या डब्याचं झाकण काढलं, काकवी आतल्या पातेल्यात ओतून घेतली, आणि मोकळा डबा उन्हाकडं धरला. तीन वर्षांत आम्ही त्याला कल्हई केली नव्हती. तळाला आणि काठाच्या आतल्या वळणात काळं धरलं होतं.

“आमच्यात असं चालत न्हाई,” तो म्हणाला. “खाली काळं ठिवून वरनं कथील फिरवलं तर धरत न्हाई. चार दिस चमकतंय, मग उडतंय. खरवडाया लागतं.” आणि डबा माझ्या हातात दिला. शेजारी वाळूचं घमेलं होतं, काथ्याचा बोळा होता. “मोकळा डबा कसा द्यायचा तुमच्या आईला. कल्हई करून देतो. घासा तुमी.”

मी वही पिशवीत ठेवली. बाह्या वर केल्या आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसलो, पलटण सोडल्यापासून मांडी घालून असा बसलो नव्हतो. वाळू ओली होती. बोळा तळाशी फिरवला तर काळं पाणी बोटांवरून ओघळलं, मनगटापर्यंत गेलं. बोळातून माणसं जात-येत होती, एकदोन जण थांबले, सोसायटीच्या फाटकावरची पाटी रंगवणारा माणूस तो हाच, हे त्यांना कळायचं कारण नव्हतं, पण मला प्रत्येकाला ते ठाऊक आहे असं वाटत होतं आणि वाटू दिलं. डब्याच्या पोटात हात घालून काठाच्या आतल्या वळणाला बोटं पोचवली. तिथं काहीच दिसत नाही, नुसतं लागतं. जोंधळ्यात लागलं तसं. जरा वेळानं पितळ पिवळं दिसू लागलं. मी डबा पुढं केला. शमशेरनं भाता न थांबवता अंगठा आत घातला, वळणातून फिरवला, काढून बघितला.

“अजून हाय,” तो म्हणाला.

मी मूठभर वाळू घेतली.